आईचं हिमोग्लोबिन आठ आणि दिवसाला आठ कप चहा: बंद करायचा की वेळ बदलायची?

वणीकडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ४६, रोज वावरात जाते, तपासणीत हिमोग्लोबिन ८.२ निघालं. दिवसातून सात-आठ वेळा चहा होतो. घरी चार माणसं आणि महिन्याला सहा किलो साखर लागते. व्हिडिओ पाहून त्याने ग्रीन टी आणि काळ्या कॉफीची बाटली आणून ठेवली आहे, पण आई म्हणते, "चा सोडला तं माह्याच्यानं काम नाही होत." चहा जबरदस्तीने बंद करावा का, त्याऐवजी ग्रीन टी द्यावा का, गुळाच्या चहाने रक्त वाढतं का, आणि बी.पी. असलेल्या, अधूनमधून दारू घेणाऱ्या वडिलांना लिव्हरसाठी काळी कॉफी सुरू करावी का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं दवाखाना चालवते. कापूस वेचणीच्या दिवसांत "हातपाय गळाले, चक्कर येते, दम लागते" म्हणत येणाऱ्या बहुतेक बायांचा दिवस तुमच्या आईच्या दिवसासारखाच असतो. त्यामुळे तुम्ही चार पेयांबद्दल विचारलं असलं तरी मी आधी दोन गोष्टी विचारेन. आईचं रक्त कमी कशाने झालं? आणि आई दिवसात जेवते केव्हा, चहा पिते केव्हा? चहा, कॉफी, ग्रीन टी यातलं काय चांगलं, हा प्रश्न या दोन्हींच्या नंतरचा आहे.

आपल्याकडे "चहाने रक्त आटतं" असं सर्रास म्हणतात. चहा अंगातलं रक्त आटवत नाही. जेवणातलं लोह अंगी लागण्यात तो आडकाठी करतो, एवढंच. तेवढ्याने हिमोग्लोबिन थोडंफार खाली राहू शकतं, पण ८.२ पर्यंत यायला बहुधा आणखी काही कारण असतं. बायांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात आणि आठच्या खाली गेलं की तीव्र. तुमची आई त्या रेषेच्या अगदी जवळ आहे. म्हणून नुसता चहा बदलून महिनाभर वाट पाहू नका.

चाळिशीच्या पुढच्या बाईत मी सगळ्यात आधी पाळीत किती रक्त जातं ते विचारते. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत ते बरंच वाढू शकतं, गर्भाशयात गाठ असली तर आणखीच, आणि बाया हे अंगावर काढतात. मुलाजवळ तर बोलणारच नाहीत. बहीण, मावशी किंवा गावच्या आशाताईंना विचारायला सांगा. मूळव्याधीतून रक्त पडतं का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं. अनवाणी वावरात काम करणाऱ्यांना अंकुशकृमी होतात आणि तेही आतून रक्त पितात. त्यावर जंताची गोळी आहे, आरोग्य केंद्रात मिळते.

आणि विदर्भात एक तपासणी कधीच टाळायची नाही: सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा लाल पेशींचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या साऱ्या पट्ट्यात हा आजार आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तीसुद्धा अशा भागांसाठीच. साधी सोल्युबिलिटी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आणि ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने पक्कं होतं. नुसता वाहक असण्याने हिमोग्लोबिन सहसा इतकं उतरत नाही, मग दुसरं कारण शोधावं लागतं. प्रत्यक्ष आजार असेल तर मात्र उपचाराची दिशाच बदलते, आणि शरीरात लोह खरंच कमी आहे का हे पाहिल्याशिवाय लोहाच्या गोळ्या द्यायच्या नसतात. आपल्या भागात हा आजार काहींना सौम्य असतो आणि चाळिशीपर्यंत कळतही नाही, म्हणून "आईला लहानपणापासून काही नव्हतं" यावर भिस्त ठेवू नका.

आता चहाकडे येते. चहातलं टॅनिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं पोटात डाळ, भाकर, पालेभाजी यांमधल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते लोह रक्तात न जाता बाहेर पडतं. जेवणासोबत चहा घेतला तर अशा लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. कॉफीनेही घटतं, चहापेक्षा थोडं कमी. चहात दूध घातल्याने ही अडचण सुटत नाही. आपल्याकडे चहा जितका उकळावा तितका "कडक" आणि चांगला समजतात, पण जास्त उकळला की टॅनिनही जास्त उतरतं. गंजातल्या (पातेल्यातल्या) जुन्याच पत्तीत पुन्हा पाणी टाकून उकळलेला चहा तर जवळजवळ टॅनिनचाच काढा असतो. मटण, मासे यांतल्या लोहावर चहाचा परिणाम फार कमी होतो. पण मटण आठवड्यातून एखादे वेळी होणाऱ्या घरात सगळी मदार डाळ-भाजीच्या लोहावर असते, आणि नेमकं तेच चहामुळे वाया जातं.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी की हा सगळा वेळेचा खेळ आहे. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर पडलं की आडकाठी बरीच कमी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही हेच सांगितलंय: जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. मी बायांना "चहा सोडा" म्हणत नाही. सांगितलं तरी कोणी सोडत नाही, आणि पुढच्या वेळी खरं बोलायचंही सोडतात. "जेवणापासून चहा लांब सरकवा" असं म्हणते, ते जमतं.

सात-आठ कप ऐकून तुम्ही घाबरलात, तर कप मोजून पाहा. टपरीवरचा किंवा घरच्या छोट्या कपातला चहा साधारण ८० मिलिलिटर भरतो. म्हणजे आठ कप मिळून साडेसहाशेच्या आत. त्याच सूचनांप्रमाणे १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. हिशोब केला तर आईचं कॅफिन १३० ते २८० च्या दरम्यान येतं, म्हणजे मर्यादेत. गरोदर बाई असती तर मी निम्म्यावर आणायला सांगितलं असतं, कारण तिथे २०० च्या आत राहणं बरं आणि त्या काळात शरीर कॅफिन फार हळू बाहेर टाकतं. मोठ्या स्टीलच्या पेल्याने चहा पिणाऱ्या माणसालाही हे गणित लागू नाही. तुमच्या आईची अडचण मात्र कॅफिनची दिसत नाही.

मला तिची अडचण दिसते ती अशी. पहाटे उठल्यावर चहा, सातला सगळ्यांसोबत चहा, मग डबा बांधून वावरात. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे बाई बसत नाही. भूक लागली की किटलीतला कपभर चहा दोन मिनिटांत होतो, भाकर सोडून बसायला वीस मिनिटं जातात. चहा भूक मारतो, साखर तेवढ्यापुरती तरतरी देते, आणि जेवण दीड-दोनवर जातं. एवढ्या उशिरा जेवल्यावर अंग जड होतं, म्हणून हात धुतल्या धुतल्या पुन्हा चहा. दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण आणि त्यावर लगेच कडक चहा, हेच लोहाला सगळ्यात महाग पडतं. तुमच्या आईचा दिवस हुबेहूब असाच असेल असं नाही, पण तिच्यासोबत एक दिवस वावरात जा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. मला वाटतं, फार वेगळं दिसणार नाही.

तेव्हा मी तिला असं सांगितलं असतं. पहाटेचा चहा राहू द्या, फक्त रिकाम्या पोटी नको. मूठभर फुटाणे, शेंगदाणे किंवा रात्रीच्या भाकरीचा तुकडा आधी जाऊ द्या. छातीत जळजळ होत असेल तर तीही याने कमी होऊ शकते, कारण रिकाम्या पोटी कॅफिन आम्ल वाढवतं. सातचा दुसरा चहा गाळा आणि त्या जागी निघायच्या आधी अर्धी भाकर, जवसाची चटणी किंवा असेल ती भाजी पोटात जाऊ द्या. वावरातला चहा दहा-साडेदहाला. जेवण बाराच्या आसपास, आणि त्यात काहीतरी आंबट असावं. लिंबू पिळलेलं वरण, आवळ्याचं लोणचं, कच्ची कैरी, नाहीतर जेवल्यावर एक संत्रं. आंबट फळांतलं क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं, आणि संत्र्याच्या मुलखात राहून हे विकत आणलेल्या गोळीतून घ्यायची गरज नाही. जेवणानंतरचा चहा दोनच्या पुढे ढकला. संध्याकाळी घरी आल्यावर एक. रात्रीच्या जेवणानंतर काहीच नको, कारण कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि झोप नीट झाली नाही की सकाळी पुन्हा चहाची तलफ जास्त. असे चार-साडेचार कप होतात. आईला चहा सोडल्यासारखं वाटणारही नाही.

खाण्यातही थोडा बदल हवाच, कारण चहा सरकवून मोकळ्या झालेल्या जागी काही पडलं नाही तर फायदा काय? हिवाळ्यात हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाना, पहिल्या पावसात तरोट्याची भाजी, अंबाडी, चवळीचा पाला, तुरीची डाळ, तीळ, जवस. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत केली तर कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. जुनी कढई काळी पडते म्हणून माळ्यावर टाकली असेल तर उतरवून घासून घ्या. घरी चालत असेल तर अंडी आणि मटण. हे सगळं चांगलं आहे, पण हिमोग्लोबिन ८.२ असताना नुसत्या खाण्याने ते भरून येत नाही. कारण लोहाची कमतरता निघाली तर गोळी घ्यावीच लागते.

आणि ती गोळी! आशाताई घरपोच देतात ती लाल लोह-फोलिक ॲसिडची गोळी बाया चहासोबत घेतात. कारण चहा हातात असतो, आणि गोळीने मळमळतं म्हणून तोंडाला चहा बरा वाटतो. त्या गोळीतलं ६० मिलिग्रॅम लोह मग बरंचसं वाया जातं, आणि "गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही" म्हणून बाई सलाईनच्या मागे लागते. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी, चहा-दुधापासून दोन तास लांब. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर. संडास काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रोज घेऊन फार त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून दिवसाआड घेता येते. पूर्ण बंद करू नका. घरात कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर तिथेही हाच नियम: सकाळी गोळी पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने.

साखरेचा हिशोब तुम्हीच सोपा करून दिलात. महिन्याला सहा किलो, चार माणसं, म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. पण इथे मी थोडी वेगळी वागते. दिवसभर वाकून काम करणाऱ्या किरकोळ बांध्याच्या बाईला ही साखर रोज २०० कॅलरी देत असते. ती काढून घेतली आणि बदल्यात भाकर-डाळ वाढवली नाही, तर तिला चक्करच येईल. आधी खाणं वाढवा, मग साखर चमच्या-अर्ध्या चमच्याने कमी करत जा. वजन जास्त असेल, पोट सुटलेलं असेल किंवा घरात मधुमेह असेल तर माझं उत्तर उलट आहे: साखर आजपासूनच निम्मी. वडिलांची रक्तशर्करा एकदा तपासून घ्या म्हणजे त्यांचं काय करायचं ते ठरेल.

गुळाच्या चहाने रक्त वाढत नाही. गुळात थोडं लोह असतं, पण कपभर चहात पडणारा गूळ तो किती, आणि त्याच कपातलं टॅनिन त्या लोहाला धरून ठेवतं. साखरेच्या बाबतीत गूळ हा साखरेचाच भाऊ. चव आवडत असेल तर खुशाल घ्या, औषध म्हणून नको आणि मधुमेहात सूट म्हणून तर मुळीच नको.

ग्रीन टीबद्दल लोकांचा समज असा की तो चहाच्या उलट काहीतरी आहे. झाड तेच, पानं तीच. फक्त आंबवण नसल्यामुळे त्यातली द्रव्यं वेगळ्या रूपात राहतात. लोहाला तोही अडवतोच. त्याचे जे फायदे सांगतात ते मुख्यतः वर्षानुवर्षं बिनसाखरेचा पिणाऱ्या लोकांच्या निरीक्षणांतून आलेत, आणि अशी माणसं खाणंपिणंही जपून करणारी असू शकतात, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हे नीट ठरत नाही. वजनावर परिणाम अगदी थोडा. आईला तो देऊन काही मिळणार नाही, आणि त्या किमतीत महिनाभराचे फुटाणे-शेंगदाणे येतात. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र कोणीही घेऊ नका. त्यांनी लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. गवती चहा, तुळस, अद्रक यांच्या नुसत्या काढ्यात कॅफिन नसतं, त्यामुळे संध्याकाळच्या एखाद्या कपाची जागा ते घेऊ शकतात.

कॉफी आपल्या मेळघाटात चिखलदऱ्याला पिकते, तरी खेड्यात कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी दुधात उकळलेली गोड पुडी. तुम्ही ऐकलंत ते निराधार नाही. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे आजार आणि मधुमेह कमी दिसतात असं मोठ्या पाहण्यांतून आढळलंय. कर्करोगाच्या संशोधनाची जागतिक संस्था आयएआरसी हिनेही २०१६ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीतून काढलं. पण यातून "दारू पिणाऱ्याने कॉफी घेतली की लिव्हर वाचतं" असं निघत नाही. मोहाची असो की दुकानातली, दारूने होणारी इजा दारू थांबल्यावरच थांबते. वडिलांना सवय नसताना एकदम दोन-तीन कप काळी कॉफी दिली तर बी.पी. काही तास वर जाईल, धडधडेल. आवडत असेल तर सकाळी एक कप, बिनसाखरेची, आणि आठवडाभर बी.पी. मोजून पाहा. नसेल आवडत तर त्यांना आग्रह करायचं काही कारण नाही.

त्याच वेळी आयएआरसीने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती टपरीवर कोणालाच माहीत नसते: ६५ अंशांपेक्षा गरम पेयं बहुधा अन्ननलिकेच्या कर्करोगाची शक्यता वाढवतात. बशीत ओतून पिण्याची आपल्या म्हाताऱ्यांची रीत या दृष्टीने उत्तम. पन्नीत (प्लास्टिकच्या पिशवीत) बांधून आणलेला उकळता चहा टाळा, किटली बरी. आणि चहासोबत खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) होत असेल, वडिलांचा किंवा तुमचाही, तर चहा-कॉफीच्या फायद्या-तोट्याची सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी तो सोडा. तोंड कमी उघडणं, तिखट लागताच आग होणं ही लक्षणं असतील तर दंतवैद्याला लगेच दाखवा. अगदी कोवळ्या वयाची पोरं मी तशी पाहते आहे, आणि कोणत्याही ग्रीन टीने ते भरून येत नाही.

आईचं "काम नाही होत" हे म्हणणं खोटं नाही. सवयीचं कॅफिन अचानक थांबलं की एका दिवसात डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, अंग मोडतं, आणि हे आठवडाभरही चालू शकतं. म्हणून तीन-चार दिवसांतून एक कप कमी करा, आणि वेचणी जोरात असताना सुरुवात करू नका. उन्हाळ्यात चहाने अंग सुकतं हे मात्र अतिशयोक्त आहे. सवयीच्या माणसाला तो फारशी लघवी वाढवत नाही. पण ८० मिलिलिटरच्या कपाने ४५ अंशांच्या उन्हातला घामही भरून निघत नाही. पाणी, मीठ-लिंबाचं सरबत, ताक हे वेगळं हवंच. सिकलसेल निघालं तर पाणी भरपूर पिणं हाच उपचाराचा मोठा भाग समजा, कारण अंगातलं पाणी कमी झालं की वेदनेचे झटके येतात.

या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सिकलसेलची सोल्युबिलिटी आणि जमलं तर फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, कमी असेल तर बहुधा लोह कमी, जास्त असेल तर बी-१२ कडे पाहावं लागेल. गोळी नीट सुरू झाली की महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोनने वाढायला हवं, आणि १२ झाल्यावरही साठा भरायला तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. महिन्याने आकडा हललाच नाही तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका, रक्त कुठून जातंय ते शोधायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. घरातल्या घरात चालताना दम लागणं, छातीत दुखणं, पायांवर सूज यांपैकी काही असेल तर महिना नाही, आजच दवाखान्यात. रिपोर्ट आले की एमसीव्ही आणि सिकलसेलचा निकाल इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.